औषधाची किंमत आणि आयुष्याचे मोल

दूध मापाने घेतात, कापड वाराने मोजतात, आणि सोने तर गुंजेपर्यंत तोलून पाहतात. व्यवहारातील बहुतेक वस्तूंना असे एक ना एक माप आहे, आणि त्या मापावर विकणारा व घेणारा या दोघांचाही विश्वास असतो. औषधोपचाराला मात्र असे माप कोणते? बाटलीवर किंमत छापलेली असते. परंतु ती किंमत म्हणजे त्या औषधाचे मोल नव्हे. चार-दोन रुपयांची गोळी एखाद्याचा प्राण वाचविते, आणि हजारो रुपयांचे इंजेक्शन एखाद्या रोग्याला चार दिवसांचाही दिलासा देऊ शकत नाही. मग अमुक उपचार तमुक उपचाराहून सरस, असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा ते कशाच्या आधारावर?

घरात कोणी आजारी पडले म्हणजे कुटुंब असला हिशेब करीत बसत नाही. दागिना मोडावा लागला तरी चालेल, पण माणूस वाचला पाहिजे, हीच सर्वांची भावना असते, आणि ती योग्यच आहे. सार्वजनिक तिजोरीची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथे रक्कम ठरलेली असते आणि रोगी अनेक असतात. एका रोगावर खर्च झालेला रुपया दुसऱ्या रोगासाठी उरत नाही. निवड ही करावीच लागते. ती हिशेब मांडून उघडपणे केली नाही, तर ती डोळे झाकून होते. आणि मग ज्याचा आवाज मोठा त्याच्या पदरात अधिक पडते.

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील दिघी हे गाव या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. राजपुरीच्या खाडीच्या मुखाशी, दक्षिण तीरावर ते वसले आहे. पलीकडे आगरदांडा, आणि जवळच समुद्रात जंजिऱ्याचा किल्ला. १९४८ पर्यंत हा मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबांच्या संस्थानात मोडत असे. आज दिघीला मोठे बंदर आहे, मालाची जहाजे तेथे लागतात. परंतु आजारी माणसाला मोठ्या इस्पितळाकडे न्यावयाचे झाल्यास एक तर खाडी ओलांडण्यासाठी बोटीची वाट पाहावी लागते, किंवा म्हसळ्यावरून माणगावच्या दिशेने डोंगरातील वळणे कापीत जावे लागते. समजा, अशा गावाच्या परिसरातील एखाद्या आरोग्यकेंद्रासाठी वर्षाला काही जादा रक्कम मंजूर झाली. एक सभासद म्हणेल की, वृद्धांच्या मोतीबिंदूची सोय करा. दुसरा म्हणेल की, मूत्रपिंडे निकामी झालेल्या रोग्यांसाठी रक्तशुद्धीचे, म्हणजे डायलिसिसचे, यंत्र आणा. तिसरा म्हणेल की, शेतात विंचू-साप चावलेल्यांची आधी व्यवस्था लावा. तिघांचेही म्हणणे खरे आहे. पण दृष्टी, लांबलेले आयुष्य आणि विषापासून सुटका या तीन गोष्टी एकाच तराजूत तोलावयाच्या कशा?

अशा तुलनेसाठी अर्थशास्त्रज्ञांनी आणि वैद्यकशास्त्रज्ञांनी मिळून जे माप तयार केले, त्यास गुणवत्ता-समायोजित आयुर्वर्ष असे म्हणतात. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्यास ‘क्वाली’ हे सुटसुटीत नाव पडले आहे. नाव अवघड असले तरी कल्पना सोपी आहे. पूर्ण आरोग्यात घालविलेल्या एका वर्षाला १ हा अंक द्यावयाचा आणि मृत्यूला ० द्यावयाचा. आजारपणात काढलेल्या वर्षाला त्या आजाराच्या त्रासाप्रमाणे या दोहोंमधला एखादा अंक मिळतो. मग जितकी वर्षे, त्यांना त्या अंकाने गुणावयाचे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. पासष्ट वर्षांच्या एका आजींना मोतीबिंदू झाला आहे. त्यांचे आणखी बारा वर्षांचे आयुष्य उरले आहे असे धरू. अंधुक दृष्टीने काढलेल्या वर्षाचा अंक ०.७ आणि शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षाचा ०.९ मानला, तर दर वर्षी ०.२ इतका लाभ झाला. बारा वर्षांत तो २.४ होतो. आजींचे आयुष्य एका दिवसानेही वाढले नाही. तरी त्यांना जवळजवळ अडीच निरोगी वर्षांइतका लाभ झाला असे हे माप सांगते. उलट, मूत्रपिंडाचा एखादा रोगी रक्तशुद्धीच्या आधाराने सहा वर्षे अधिक जगला, पण आठवड्यातून तीनदा यंत्राला जखडून घेण्यामुळे आणि त्यासाठी कराव्या लागणाऱ्या प्रवासामुळे त्याच्या प्रत्येक वर्षाचा अंक ०.६ राहिला, तर त्याचा लाभ ३.६ होतो. पहिल्या उपचाराने केवळ सुख दिले, दुसऱ्याने केवळ काळ दिला. परंतु दोहोंचे उत्तर आता एकाच परिमाणात आले.

येथे कोणीही विचारील की, ०.७ किंवा ०.६ हे अंक ठरविले कोणी? ते डॉक्टरांनी मनाने ठरविलेले नसतात. सामान्य माणसांनाच विचारून ते काढले जातात. त्याची एक रीत अशी: ‘या आजारात दहा वर्षे जगणे आणि पूर्ण आरोग्यात त्याहून कमी वर्षे जगणे, यांपैकी तुम्ही काय पत्कराल?’ असे माणसाला विचारतात, आणि ती कमी वर्षे बदलीत जातात. आरोग्याची आठ वर्षे आणि आजाराची दहा वर्षे त्याला सारखीच वाटू लागली, की त्या आजाराचा अंक ०.८ झाला. काही अवस्था लोकांना मरणाहूनही वाईट वाटतात. त्यांचा अंक शून्याच्या खाली जातो. आजाराचे वर्णन पाच बाबींनी करण्याची पद्धत आता रूढ आहे: चालता-फिरता येते काय, स्वतःचे स्वतः आवरता येते काय, नेहमीची कामे होतात काय, दुखणे किती, आणि मनाला चिंता वा उदासी किती. प्रत्येक बाबीच्या पाच पायऱ्या असतात. चालणे महत्त्वाचे की मनाची शांतता, याविषयी निरनिराळ्या देशांतील लोकांची मते सारखी नसतात. म्हणून परक्या देशाचे अंक जसेच्या तसे घेणे बरोबर नव्हे. भारतातील लोकांना प्रत्यक्ष विचारून काढलेले अंक २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. ते काम चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील संशोधकांच्या पुढाकाराने झाले.

या कल्पनेचा उगमही मूत्रपिंडाच्या रोगातच आहे. १९६८ मध्ये क्लारमन आणि त्यांचे दोन सहकारी यांनी अमेरिकेत मूत्रपिंडारोपण आणि रक्तशुद्धी यांच्या खर्चाची तुलना केली, तेव्हा आरोपणानंतरचे वर्ष यंत्रावर काढलेल्या वर्षाहून पाव हिश्शाने अधिक मोलाचे धरले. वर्षे नुसती मोजू नयेत, ती कशी गेली हेही पाहावे, हा विचार तेथे प्रथम हिशेबात उतरला. आजचे नाव या मापाला १९७६ च्या सुमारास मिळाले.

या मापाने काय दिसते आणि काय दिसत नाही, हे समजून घेण्यासाठी दिघीहून फार दूर जावे लागत नाही. त्याच रायगड जिल्ह्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी महाड आहे. कोकणच्या तांबड्या मातीत, जांभ्या दगडांच्या फटींत आणि गवताच्या भाऱ्यांत लाल विंचू राहतो. याचा दंश पुष्कळदा केवळ वेदनेवर निभावतो. परंतु विष अंगात भिनले, तर घामाच्या धारा लागतात, वांत्या होतात, हातपाय गार पडतात आणि पुढे हृदय थकून फुप्फुसांत पाणी साचते. विशेषतः लहान मुले याला बळी पडत. डॉ. हिंमतराव बावस्कर हे १९७६ च्या सुमारास महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्यकेंद्रात रुजू झाले, तेव्हा अशा रोग्यांवर परिणामकारक उपाय ठाऊक नव्हता. त्यांनी रोग्यांच्या उशाशी बसून लक्षणांचा क्रम टिपला. विषामुळे शरीरातील उत्तेजक द्रव्यांचा लोंढा रक्तात येतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि त्या ओझ्याखाली हृदय खचते, हे ध्यानात घेऊन, रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे रक्तवाहिन्या सैल करणारे औषध त्यांनी दिले. त्याविषयीचा डॉ. हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा लेख १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पूर्वी गंभीर रोग्यांपैकी शेकडा ४० पर्यंत दगावत. हे प्रमाण पुढे शेकडा १ ते ३ पर्यंत उतरले. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना ‘पद्मश्री’ देण्यात आली.

या गोळीचे मोल आता मापून पाहू. रोगी लवकर येऊ लागणे, शुश्रूषा सुधारणे यांचाही मृत्यू घटण्यात काही वाटा असणार. म्हणून हिशेब हात राखूनच करावा. शंभर गंभीर मुलांपैकी या उपचाराने तीस अधिक वाचतात, आणि वाचलेल्या मुलापुढे साठ वर्षांचे आयुष्य आहे, असे धरू. विंचवाच्या विषातून जे मूल उठते, ते सहसा पूर्ण बरे होऊन घरी जाते. तेव्हा त्याच्या वर्षांचा अंक १ धरण्यास हरकत नाही. तीस गुणिले साठ म्हणजे अठराशे वर्षे झाली. परंतु या शास्त्रात पुढच्या काळातील लाभ थोडा कमी धरण्याची चाल आहे, जसे व्याजाच्या हिशेबात उद्याचा रुपया आजच्या रुपयाहून कमी धरतात. भारतातील पद्धतीत हा दर दर साल दर शेकडा ३ असा आहे. त्या दराने साठ वर्षांची आजची किंमत सुमारे २७.७ वर्षे होते, आणि तीस मुलांची सुमारे ८३१. आता गोळी, खाट आणि शुश्रूषा मिळून दर मुलामागे हजार रुपये खर्च झाला असे मानले, तर शंभर मुलांचा खर्च एक लाख होतो. म्हणजे निरोगी आयुष्याचे एक वर्ष सुमारे १२० रुपयांना पडले.

आता त्याच इस्पितळातील दुसरा प्रश्न घेऊ. विंचवाच्या विषावरील प्रतिविष लसही उपलब्ध आहे. प्राझोसिनला या लसीची जोड दिल्याने काय साधते, हे बावस्कर दांपत्याने महाडच्या ७० रोग्यांवर पाहिले आणि २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हे रोगी विषबाधेच्या अशा पायरीवरील होते, की ज्यांच्या हृदयात व फुप्फुसांत अद्याप बिघाड झालेला नव्हता. दोन्ही उपचार मिळालेल्या ३५ रोग्यांपैकी ३२ जण दहा तासांत बरे झाले. केवळ प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८ जण. बरे होण्यास सरासरीने एका गटाला ८ तास लागले, तर दुसऱ्याला १७.७ तास. फरक डोळ्यांत भरण्याजोगा आहे.

परंतु तो वर्षांच्या मापात बसवून पाहावा. वर्षाचे तास ८,७६०. वाचलेले दहा तास रोग्याने अगदी शून्य सुखाचे काढले असते असे धरले, तरी त्यांचा लाभ वर्षाचा ८७६ वा हिस्सा होतो. लसीचा खर्च कल्पनेने हजार रुपये मानला, तर निरोगी आयुष्याच्या एका वर्षाचा दर ८,७६,००० रुपये येतो. एकाच विंचवावरील दोन उपचार, खर्च सारखाच धरलेला. आणि तरी एका ठिकाणी वर्षाचा दर १२० रुपये, तर दुसऱ्या ठिकाणी पावणेनऊ लाखांच्या घरात!

यावरून लस निरुपयोगी आहे असा अर्थ मात्र काढावयाचा नाही. लस घेतलेल्या रोग्यांना प्राझोसिनच्या मात्रा कमी लागल्या. खाट लवकर मोकळी झाली, तर तोही खर्च वाचतो, आणि ती बचत जमेस धरली की आकडा पुष्कळ खाली येईल. शिवाय ज्या आईचे मूल घामाने निथळत, हातपाय गार पडून समोर पडलेले आहे, तिच्या दृष्टीने ते दहा तास वर्षाच्या ८७६ व्या हिश्शाइतके क्षुल्लक नसतात. दीर्घ काळ टिकणारा लाभ हे माप उत्तम मोजते. अल्प काळातील तीव्र यातना मात्र त्याच्या चाळणीतून गळून पडतात. प्रत्येक मापाला त्याची त्याची जागा असते. गव्हाच्या मापाने अत्तर मोजता येत नाही.

वर्षाचा दर काढल्यावर तो स्वस्त की महाग, हे ठरविण्यासाठी एखादी रेषा हवी. इंग्लंडमध्ये १९९९ मध्ये स्थापन झालेल्या ‘नाइस’ या संस्थेने अशा एका वर्षासाठी २०,००० ते ३०,००० पौंड ही मर्यादा दीर्घ काळ पाळली. भारतात आरोग्य-संशोधन विभागाच्या आश्रयाखाली २०१७ मध्ये आरोग्यतंत्रांचे मूल्यमापन करणारी यंत्रणा सुरू झाली. येथील अभ्यासांत दरडोई देशांतर्गत उत्पादनाइतकी रक्कम ही सामान्यतः रेषा मानली जाते. २०२३-२४ च्या हिशेबाने ती दोन लाख रुपयांच्या थोडी वर जाते. त्या मानाने प्राझोसिनचे १२० रुपये कोणत्याही शंकेपलीकडचे आहेत.

या मापावर आक्षेपही थोडे नाहीत, आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने १९९० मध्ये खर्च व लाभ यांच्या हिशेबावरून उपचारांची क्रमवार यादी केली, तेव्हा दातावर टोपी बसविणे हे अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेच्या वरच्या क्रमांकावर आले. लोकांत हसे झाले आणि यादी पुन्हा करावी लागली. दात स्वस्तात होतो म्हणून तो वर गेला. एक माणूस मरणाच्या दारात आहे, ही गोष्ट भागाकारात दिसलीच नाही. दुसरा आक्षेप त्याहून खोल आहे. तत्त्वज्ञ जॉन हॅरिस यांनी १९८७ मध्ये असे दाखविले की, जो आधीच पंगू आहे त्याचे वर्ष कमी अंकाचे धरल्याने, त्याचा जीव वाचविण्याचे मोलही कमी भरते. म्हणजे दैवाने एकदा मारले आणि हिशेबाने दुसऱ्यांदा. वृद्धांचेही तसेच, ज्याची वर्षे थोडी, त्याचा लाभ थोडा. अमेरिकेत २०१० च्या कायद्याने वृद्धांच्या सरकारी आरोग्ययोजनेत या मापावरून खर्चाची मर्यादा ठरविण्यास मनाई केली, ती याच भीतीपोटी. म्हणून जाणते लोक या मापाला न्यायाधीशाचा मान देत नाहीत, साक्षीदाराचा देतात. त्याची साक्ष ऐकावयाची, उलटतपासणी करावयाची, आणि मग निर्णय माणसांनी घ्यावयाचा.

दिघीसारख्या गावाच्या बाबतीत मात्र ही साक्ष फार मोलाची ठरू शकते. महाडच्या गोळीचा सारा लाभ एका अटीवर अवलंबून आहे: ती वेळेवर पोटात गेली पाहिजे. दंश आणि औषध यांच्यामधला काळ जितका वाढतो, तितकी वाचण्याची आशा कमी होते. वर्षाला दहा गंभीर मुले असलेल्या एखाद्या परिसरात, वरच्या हिशेबाने, तीन जीव आणि सुमारे ८३ वर्षे वाचावयास हवीत. त्यांतील निम्मी मुले बोटीची वाट पाहण्यात, घाटाच्या वळणांत किंवा मांत्रिकाच्या अंगणात वेळ गेल्यामुळे उशिरा पोहोचली, तर सुमारे ४१ वर्षे हातची गेली. औषध तेच, त्याची किंमत तीच. पण त्याचे मोल निम्म्यावर आले. आता गावोगावच्या आरोग्यसेविकांना लक्षणे ओळखण्यास शिकविणे, उपकेंद्रात गोळ्या ठेवणे आणि रात्रीच्या वेळी एक गाडी सज्ज राखणे यांवर वर्षाला पाच लाख रुपये खर्च करून ती वर्षे परत मिळविता आली, तर दर वर्षाला सुमारे बारा हजार रुपये पडले. दोन लाखांच्या रेषेच्या हे कितीतरी आत आहे. असा हिशेब मांडला नाही, तर एखादे चकचकीत यंत्र मंजूर होते, त्याच्या उद्घाटनाचे छायाचित्र छापून येते, आणि आठ आण्यांची गोळी हाताशी नसल्यामुळे गेलेले मूल कोणत्याच वहीत नोंदले जात नाही.

आयुष्याला किंमत लावणे हे कित्येकांना निष्ठुरपणाचे वाटते. परंतु या मापाने किंमत आयुष्याला लावलेली नसते, ती आपल्या निवडीला लावलेली असते. तिजोरीतील रक्कम मर्यादित आहे तोवर कोणाला तरी ‘हो’ आणि कोणाला तरी ‘थांबा’ म्हणावेच लागणार. ते म्हणताना एका बाजूला किती आयुष्य ठेवले आणि दुसऱ्या बाजूला किती सोडले, हे लोकांना कळले पाहिजे, एवढीच या शास्त्राची मागणी आहे. उत्तर मान्य नसले, तर अंक तपासावेत, गृहीते बदलावीत, सुटलेल्या यातना आणि उपेक्षित माणसे हिशेबात आणावीत. मांडलेल्या हिशेबातील चूक दाखविता येते. न मांडलेल्या हिशेबातील चूक मात्र कोणाला दिसतही नाही.